मोडाच्या नाचणीची आंबील

होळी जवळ आली कीं कोंकणांतल्या गृहिणीचे हात वाळवणाला लागतात. पापड, कुरडया, सांडगे, मग आमसुलें, आणि शेवटीं आंब्याफणसांचीं साटें, अशी ती माळ थेट मृगाच्या तोंडापर्यंत चालते. ह्या माळेंतला एक मणी आमच्या सुशिक्षित घरांतून अलीकडे ओघळला आहे. मोड आणून वाळविलेल्या नाचणीचें पीठ व त्या पिठाची आंबील, हा तो मणी. रत्नागिरीच्या उन्हाळ्यांत घरच्या घरीं करतां येण्याजोगें, थोड्या खर्चाचें आणि पोटाला आधार देणारें असें दुसरें आंबवलेलें पेय सांपडणें कठीण. म्हणून ह्या महिन्याचें हें पान तिच्यासाठीं राखलें आहे.

नाचणीचें नांव काढलें कीं कांहीं घरांत अजूनही नाक मुरडलें जातें. त्याचें कारण चवींत नसून प्रतिष्ठेंत आहे. आपल्या जिल्ह्यांत भात खाचरांत पिकावयाचा आणि नाचणी डोंगरउताराच्या वरकस जमिनींत. भात खोताच्या कणगींत गेला, नाचणी राबणाराच्या टोपलींत राहिली. आणि ज्याच्या पानांत भात तो संपन्न, ज्याच्या पानांत नाचणीची भाकरी तो गरीब, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला. पुढें 1990 सालीं रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग योजना महाराष्ट्रांत सुरू झाली, आणि वरकस जमिनीवर हापूसचीं व काजूचीं कलमें उभीं राहिलीं. बागा आल्या ही इष्टच गोष्ट झाली; परंतु त्या उतारांवरची नाचणी मागें हटली, तीही खरीच गोष्ट. मग संयुक्त राष्ट्रसंघानें भारताच्या सूचनेवरून 2023 हें वर्ष भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां हीच नाचणी नव्या वेष्टनांत आणि नव्या भावानें शहरांतल्या दुकानांत झळकली. जें आपल्या माळ्यावर होतें तें आपण वेष्टनांतून विकत आणावें, ह्यांत कौतुक करण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां तिच्या गुणांकडे वळूं. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. गाईच्या तितक्याच दुधांत तें सुमारें 120 मिलिग्रॅम, आणि सडलेल्या तांदळांत 10 मिलिग्रॅमांच्याही आंत. लोह मात्र बेताचें, 4 ते 5 मिलिग्रॅम. पण एखादें द्रव्य धान्यांत असणें निराळें आणि तें अंगीं लागणें निराळें. नाचणींत फायटेट व टॅनिन हीं दोन द्रव्यें आहेत. तीं लोहासारख्या क्षारांना घट्ट धरून ठेवतात, आणि पोटांत गेलेलें पुष्कळसें तसेंच बाहेर जातें. आपल्या आज्यांनीं ह्या धान्यावर ज्या दोन क्रिया योजिल्या, त्यांचें मर्म येथें आहे. मोड आणल्यानें फायटेट घटूं लागतें, आंबवल्यानें आणखी घटतें. एकीचें काम दुसरी पुरें करते. म्हणून दोहोंपैकीं एकही गाळूं नये.

मोड आल्यावर दाण्याच्या आंत काय घडतें हेंही जाणून घेण्यासारखें आहे. कोंबाला उगवण्यासाठीं अन्न पाहिजे असतें, आणि दाण्यांतलें पिष्ट त्याला जसेंच्या तसें खातां येत नाहीं. म्हणून दाणा स्वतःच असें एक द्रव्य निर्माण करतो कीं, जें पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनवितें. 1833 सालीं पायेन व पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं मोड आलेल्या जवांतून हें द्रव्य वेगळें काढलें व त्याला डायास्टेज असें नांव दिलें. वेगळें काढलेलें हें पहिलेंच एन्झाइम होय. पुढें 1883 सालीं अमेरिकेंत हॉर्लिक यांनीं माल्ट घातलेल्या दुधाचें पेटंट घेतलें, आणि यथाकाल तो डबा आपल्याही फडताळांत येऊन बसला. माल्ट म्हणजे तरी काय? मोड आणून वाळविलेलें धान्य! त्यांचे जव, आपली नाचणी. भरडधान्यांत तर मोड आणण्यास नाचणीइतकें सोयीचें धान्य विरळा.

निवड

नाचणी गेल्या हंगामाची असावी. आपल्याकडे ती दिवाळीच्या आगेंमागें कापली जाते, म्हणजे माघ-फाल्गुनांत ती मोडाला अगदीं योग्य असते. दोन वर्षें पडून राहिलेली, कीड लागलेली किंवा भाजलेली नाचणी मोड धरीत नाहीं. म्हणून सगळी भिजविण्यापूर्वीं मूठभर भिजवून पाहावी. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें आपल्या हवेसाठीं नाचणीचे सुधारलेले वाणही काढले आहेत. तांबूस नाचणी किंवा पांढरी, दोन्ही चालतात. पांढरींत टॅनिन कमी असतें, तांबूस नाचणीला वास अधिक चांगला येतो. एक किलो नाचणी चाळून, पाखडून, रोळींत चार-पांच पाण्यांनीं धुवावी. वर तरंगणारे पोकळ दाणे व तूस काढून टाकावें. खडे तळाशीं बसतात, म्हणून नाचणी वरवर हातानें उपसून घ्यावी.

मोड

धुतलेली नाचणी रात्रीं भरपूर पाण्यांत भिजत घालावी. दहा-बारा तास भिजणें पुरें. मध्यें एकदां पाणी बदललें तर वास येत नाहीं. सकाळीं उपसून पाणी पूर्ण निथळूं द्यावें आणि ओल्या स्वच्छ फडक्यांत सैल बांधून रोळींत ठेवावी. गांठोडें आवळलें तर आंत ऊब कोंडते व मधले दाणे कुजतात. दिवसांतून तीन-चार वेळां पाण्याचा हबका द्यावा आणि एक-दोनदां नाचणी हातानें हलकेंच वरखालीं करावी. फाल्गुनांतल्या हवेंत दुसऱ्या दिवशीं पांढरे कोंब दिसूं लागतात. नुसती उसळ करावयाची असती तर येथेंच थांबलों असतों; परंतु पिष्ट फोडणारें द्रव्य पुरेसें तयार होण्यास दाण्याला आणखी वेळ द्यावा लागतो. कोंब दाण्याच्या लांबीहून थोडा मोठा झाला, म्हणजे साधारण दीड ते दोन दिवस झाले, कीं काम झालें असें समजावें. त्याहून वाढूं दिला तर दाणा स्वतःलाच खाऊन टाकतो व पिठाला कडवट चव येते.

येथें एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. मोडांवर करडी, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली, अथवा कुबट वास आला, तर तेवढाच भाग काढून बाकीचा वापरूं नये. बुरशीचें विष धुण्यानें जात नाहीं, उन्हानें जात नाहीं आणि शिजविण्यानेंही पुरतें जात नाहीं. अशी नाचणी सबंध टाकून द्यावी. किलोभर धान्याची हळहळ वाटली तरी ती घरांतल्या मुलांच्या पोटाहून मोठी नाहीं. ह्याच कारणास्तव हें काम पावसाळ्यांत करूं नये. जेथें वर्षाला 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि चातुर्मासांत मीठसुद्धां पाझरतें, तेथें मोडांना बुरशी येण्यास एक रात्र पुरते.

वाळवण आणि दळण

मोड आलेली नाचणी कापडावर पातळ पसरून प्रथम दोन-तीन तास सावलींत व नंतर कडक उन्हांत वाळवावी. दोन उन्हें बहुधा पुरतात. दांताखालीं दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. चामट लागला तर तिसरें ऊन द्यावें. मग ती दोन तळव्यांत चोळून सुपांत पाखडली कीं वाळलेले कोंब गळून जातात. ते राहिले तर पीठ कडू लागतें. नंतर मंद आंचेवर नाचणी थोडी परतावी. खरपूस भाजली तर वास घमघमीत येतो खरा, पण ज्या डायास्टेजसाठीं एवढे कष्ट केले तें जळून जातें. म्हणून थोडी नाचणी न भाजतां नुसत्या उन्हावर वाळवून निराळी दळावी. हें दुसरें पीठ कशासाठीं, तें पुढें सांगितलें आहे. घरीं जातें असेल तर उत्तमच. गिरणींत दळावयाची तर मिरचीमसाल्यामागून दळूं नये.

पुष्कळ घरांत मोडाची नाचणी ओली वाटून, फडक्यांतून गाळून, खालीं बसलेला पांढरा साका वाळवून सत्त्व करतात. तें दिसावयास सुंदर व पचावयास हलकें, आणि अशक्त रोग्याला योग्यही. परंतु नाचणींतलें कॅल्शियम मुख्यतः तिच्या सालींत असतें, आणि ती साल तर फडक्यांत राहते! निरोगी माणसांच्या रोजच्या पेयासाठीं सबंध दळलेलें पीठच घ्यावें. घट्ट झांकणाच्या कोरड्या डब्यांत तें दोन महिने चांगलें राहतें. पावसाळ्याची बेगमी करावयाची असेल तर पीठ न करतां वाळविलेली नाचणीच भरून ठेवावी आणि लागेल तशी दळावी.

आंबील

दहा माणसांच्या घराला पुढील प्रमाण घ्यावें. मोडाच्या नाचणीचें पीठ 125 ग्रॅम व साध्या नाचणीचें पीठ 125 ग्रॅम. नुसत्या मोडाच्या पिठाची आंबील फार पातळ होते, कारण त्यांतलें पिष्ट आधींच तुटलेलें असतें. साध्या पिठानें तिला अंग येतें. दोन्ही पिठें अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यांत गुठळ्या मोडून कालवावीं आणि त्यांत दोन मोठे चमचे ताजें ताक विरजण म्हणून घालावें. कालवण चिनी मातीच्या बरणींत अथवा मातीच्या गाडग्यांत ठेवून वर फडकें बांधावें. पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यांत तें कधींही ठेवूं नये. आंबटपणानें धातु उतरतो व पोटांत जातो.

चैत्र-वैशाखांत आठ तास, पौषांत बारा-चौदा तास, एवढा वेळ आंबण्यास पुरतो. सकाळीं वर बारीक बुडबुडे दिसावे, ताकासारखा स्वच्छ आंबट वास यावा, आणि पीठ खालीं बसून वर निवळ पाणी आलेलें असावें. हें पाणी टाकून देऊं नये. त्यांत आंबवणाचा गुण आहे. कालवणाला तार सुटली, रंग बदलला किंवा सडका वास आला तर तें विनासंकोच ओतून द्यावें.

आतां मोठ्या पातेल्यांत अडीच लिटर पाणी उकळत ठेवावें. आंबलेलें कालवण ढवळून एका हातानें बारीक धारेनें त्यांत सोडावें व दुसऱ्या हातानें सतत घोटावें. उकळी फुटल्यापासून आठ-दहा मिनिटें मंद आंचेवर शिजूं द्यावें. रंग गडद होऊन वर तकाकी आली कीं उतरवून निवूं द्यावें. पूर्ण निवल्यावर एक लिटर ताजें ताक, बेताचें मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलें आलें, चिमूटभर हिंग व कोथिंबीर घालावी. गांवाकडे लसूण ठेंचून घालतात. ज्यांच्याकडे चालतो त्यांनीं अवश्य घालावा. लिंबू पिळावयाचें तें पेल्यांत, पिण्याच्या वेळीं; कारण लिंबांतलें क जीवनसत्त्व उष्णतेनें नष्ट होतें, आणि लोह अंगीं लागण्यास तेंच साह्य करतें. केलेली आंबील त्याच दिवशीं संपवावी. फ्रीजमध्यें ठेविली तर दुसऱ्या दिवसापर्यंत.

दोन जुन्या शंका

वडील मंडळी येथें दोन शंका काढतात, आणि त्या हंसण्यावारी नेण्यासारख्या नाहींत. पहिली अशी कीं, रात्रभर आंबलेलें अन्न आपणांस चालतें काय? मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आंबून गेलेले पदार्थ वर्ज्य सांगितले आहेत. पण त्याच ठिकाणीं दही व दह्यापासून झालेलें सर्व कांहीं भक्ष्य म्हणून वगळलें आहे. ताकाच्या विरजणानें केलेल्या आंबिलीला हा आधार पुरेसा आहे. देशावरच्या पुष्कळ घरांत तर ज्येष्ठा गौरींच्या नैवेद्याला ज्वारीच्या पिठाची आंबील असतेच. आणि ज्या घरांत इडली शिरली त्या घरानें आंबिलीला अडविणें शोभतही नाहीं.

दुसरी शंका अधिक खोल आहे. मोड आलेलें धान्य आंबविलें कीं त्याची सुरा होते, मग ही सुराच नव्हे काय? शंका काढणारांचें ज्ञान कच्चें नाहीं. शतपथ ब्राह्मणांत सौत्रामणी यागाच्या सुरेसाठीं मोड आलेलें भात व मोड आलेले जव सांगितले आहेत, आणि मनूनें पिठापासून होणाऱ्या पैष्टी सुरेचा स्पष्ट निषेध केला आहे. ह्या यागाची सविस्तर हकीकत ज्यांना वाचावयाची असेल त्यांनीं भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास उघडावा; 1880 सालीं चिपळूण तालुक्यांत जन्मलेला हा विद्वान् आपल्याच जिल्ह्याचा. हिमालयाच्या कुशींत, सिक्कीम व दार्जिलिंगकडे, नाचणीचेंच मद्य करून तें तोंगबा या नांवानें बांबूच्या नळकांड्यांतून पितात. तेव्हां धान्य तेंच आहे, ही गोष्ट कबूल केली पाहिजे.

भेद आहे तो आंबविणाऱ्या जीवांत आणि वेळेंत. मद्य हें किण्वाचें, म्हणजे यीस्टचें काम. तें साखरेचें मद्यार्क करतें, आणि त्यासाठीं त्याला मुद्दाम घालावें लागतें व अनेक दिवस झांकून ठेवावें लागतें. आंबील ही दह्याच्या जातीच्या जंतूंची करणी. ते साखरेचें लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्याच आम्लानें पुष्कळसे रोगजंतु वाढेनासे होतात. ताकाचें विरजण घालावयाचें तें एवढ्यासाठींच कीं, ह्या जंतूंनीं आधीं घर बळकवावें. एका रात्रींत यीस्टनें थोडाफार मद्यार्क केलाच, तर तो सकाळच्या उकळींत बहुतेक उडून जातो आणि आंबणेंही तेथेंच थांबतें. वेळेचें महत्त्व रत्नागिरीकरांना शिकवावयास नको. पहांटे माडावरून उतरलेली नीरा गोड असते, आणि दुपार कलतांना तीच फेंसाळून माडी होते. म्हणून नियम एकच: कालवण एक रात्र ठेवावें, बरणीला घट्ट बूच लावूं नये, आणि सकाळीं तें न चुकतां शिजवावें. ‘अजून एक दिवस ठेवूं, चव वाढेल’ हा मोह टाळावा. घरीं विनापरवाना मद्य करणें हा 1949 च्या दारूबंदी कायद्यानें गुन्हाही आहे. आयुर्वेदांतील सौवीर व तुषोदक हीं जवाचीं आंबट पेयें औषधांत गणलीं जातात. आंबिलीचें नातें त्यांच्याशीं आहे.

तान्ह्या मुलासाठीं

न भाजलेलें मोडाचें पीठ निराळें ठेवावयास सांगितलें, तें तान्ह्या मुलासाठीं. सहा महिन्यांपर्यंत मुलाला आईच्या दुधावांचून कांहींच देऊं नये. पुढें वरचें अन्न सुरू झालें कीं एक अडचण येते. पेज घट्ट केली तर मुलाला गिळवत नाहीं. पाणी घालून पातळ केली तर त्याचें इवलेसें पोट पाण्यानेंच भरतें आणि वजन वाढत नाहीं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयांतील आहारशास्त्रज्ञ डॉ. तारा गोपालदास यांनीं 1980 च्या दशकांत ह्याच प्रश्नावर काम केलें, आणि मोडाच्या धान्याच्या पिठाचा उपयोग पुढें मांडला. कृति अगदीं सोपी आहे. तांदळाची किंवा नाचणीची पेज घट्ट शिजवावी. बोटाला सोसेल इतकी निवाली कीं वाटीला एक लहान चमचा मोडाचें कच्चें पीठ घालून ढवळावें. पांच मिनिटांत घट्ट पेज पाण्याचा थेंब न घालतां सैल होते. मग ती पुन्हां दोन-तीन मिनिटें उकळून घ्यावी, म्हणजे कच्च्या पिठांतले जंतु मरतात. मुलाच्या पोटांत पाण्याऐवजीं अन्न जातें. वर्षाच्या आंतल्या मुलाला ह्या पेजेंत मीठ किंवा साखर घालूं नये, व मिठाची आंबट आंबीलही त्याला देऊं नये.

मधुमेह असणारांनीं मात्र जपावें. नाचणी साखरेच्या विकारावर चांगली, असें सर्रास बोललें जातें. परंतु मोडाच्या पिठांत पिष्ट आधींच अर्धेंमुर्धें फुटलेलें असतें आणि तें रक्तांत लवकर उतरतें. त्यांनीं साध्या नाचणीचीच आंबील करावी व आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावें.

पेला प्रथम कोणाचा?

आतां मुख्य गोष्ट. 2019 ते 2021 या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं 57 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलें; महाराष्ट्राचा आंकडा 54 टक्के होता. निम्म्याहून अधिक स्त्रिया म्हटल्यावर हा प्रश्न केवळ उपाशी घरांचा राहत नाहीं. ज्या घरांत दुधातुपाची ददात नाहीं, ज्या घरांतल्या मुली महाविद्यालयांत शिकतात, त्या घरांतही जिना चढतांना धाप लागणारी सून असते, आणि ‘तिची प्रकृतीच नाजूक’ असें म्हणून सारे मोकळे होतात.

आंबिलीनें हा रोग बरा होतो, असा दावा येथें करावयाचा नाहीं. वरील प्रमाणाच्या एका पेल्यांत 25 ग्रॅम पीठ येतें. त्यांतून सुमारें एक मिलिग्रॅम लोह मिळतें, आणि वयांत आलेल्या स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅमांची आहे. रक्त तपासून घेणें, डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेणें, पालेभाज्या व उसळी रोजच्या पानांत असणें, ह्यांना पर्याय नाहीं. पण त्याच पेल्यांत नाचणीचें सुमारें 90 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, शिवाय ताकाचें निराळें. आणि तो पेला सकाळच्या दुसऱ्या चहाची जागा घेईल, तर आणखी एक लाभ होतो. कारण जेवणाच्या आगेंमागें घेतलेला चहा अन्नांतल्या लोहाला अडवितो. एक हितकारक पेय आलें आणि एक अडथळा गेला, असा तो दुहेरी हिशेब आहे.

मात्र हा लाभ जिला हवा तिच्यापर्यंत पोंचला पाहिजे. एकत्र कुटुंबाच्या पंगतीचा क्रम आपणां सर्वांना ठाऊक आहे. प्रथम मुलें व पुरुष, मग वडील बायका, आणि शेवटीं जिनें सकाळपासून पातेलें घोटलें ती. तिच्या वाट्याला जें उरेल तें. आंबिलीच्या बाबतींत हा क्रम उलटावा, अशी आमची घरांतील वडील स्त्रियांना विनंति आहे. पातेलें उतरलें कीं चांगलें ढवळून, कारण दाट भाग तळाशीं बसतो, पहिले पेले काढून ठेवावे ते गर्भवतीचे व अंगावर पाजणारीचे. त्यामागून वयांत आलेल्या मुलींचे. आणि मग बाकीच्यांचे. सासूबाईंनीं स्वतःच्या हातानें सुनेला हा पेला दिला तर तो नाकारण्याची तिची प्राज्ञा नाहीं! घरांतल्या पुरुषांनीं नाचणी निवडण्यास व उन्हांत पसरण्यास हात लावला, तर त्यांचीही प्रतिष्ठा कमी होणार नाहीं.

येत्या पंधरवड्यांत एक किलो नाचणीनें आरंभ करावा. जी मंडळी मुंबईपुण्यास राहतात, त्यांनीं रत्नागिरीहून येणाऱ्या माणसाबरोबर नवी नाचणी मागवावी. जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या भगिनी ती विकतातही. मोड कसे आले, आंबण्यास आपल्या गांवच्या हवेंत किती तास लागले, आणि घरांत पहिला पेला कोणाला मिळाला, हें कळविल्यास आनंद होईल. पुढील अंकीं कोकमाच्या आगळाविषयीं.